बाटलीच्या तोंडावरची कणीक

लढाईच्या वर्षांत आमचा देशी दारूचा गुत्ता होता, राहुरीपासून थोडं आत, पाटाच्या कडेला. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. परवाना सरकारचा होता, गिऱ्हाईक गावाचं होतं, आणि त्यावरच आमचं घर चालत होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा स्वतः थेंबालाही शिवत नसत आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. माणूस सरळ होता, पण आपल्या हुशारीवर जरा जास्तच खूश.

लहान मुलांना दारू विकायची नाही, असा नियम परवान्यातच होता. पण आमच्याकडची रीत वेगळी. शेतावरून दमून आलेला बाप स्वतः गुत्त्यावर यायचा नाही. पोराच्या हातात रिकामी बाटली देऊन त्याला पिटाळायचा. दादांनी सुरुवातीला पोरांना परतवून लावलं. मग बाप भांडायला आले. "मी पितोय का पोरगं पितंय? त्ये निस्तं आनतंय." आणि भांडून झाल्यावर ओढ्याकाठच्या चोरट्या भट्टीकडे वळले.

तेव्हा दादांनी युक्ती काढली. बाटलीच्या तोंडात चिंधीचा बोळा, त्यावर भिजवलेल्या कणकेचा थापा आणि थाप्यावर दादांच्या अंगठीचा ठसा. पोरानं वाटेत बाटली उघडली तर ठसा मोडणार आणि बापाला कळणार. बाजरीचं पीठ वाळलं की गळून पडायचं, म्हणून गहूच लागायचा, आणि गहू त्या दिवसांत औषधालाही मिळत नव्हता. "सणाला पोळी न्हाई आन बाटल्यांना कनीक," आई रोज कुरकुरायची. दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. अबकारीच्या शिपायालाही त्यांनी तो ठसा कौतुकानं दाखवला होता. शिपाई हसला आणि निघून गेला. त्यानं तेव्हाच दादांची चांगली कानउघाडणी करायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

बाटली न्यायला येणाऱ्या पोरांत एक मुलगा पाटापलीकडच्या वस्तीवरचा होता. आमच्याच शाळेत, माझ्या पुढच्या वर्गात. मास्तर गणित फळ्यावर लिहीपर्यंत याचं उत्तर तयार असायचं. सातवीची परीक्षा झाली की त्याला नगरच्या बोर्डिंगात घालायचं मास्तरांनी ठरवूनच टाकलं होतं. जागाही बोलून ठेवली होती. दादांचाही त्याच्यावर जीव. संध्याकाळी तो आला की त्याच्या मुठीत शेंगदाणे कोंबायचे आणि विचारायचे, "काल वाटंत उघडली न्हाईस ना?" "न्हाई मामा," तो म्हणायचा. आणि ते खरंच होतं.

परीक्षा जवळ आली तेव्हा एक दिवस मास्तर आमच्या गुत्त्यावर आले. गुत्त्याची पायरी ते कधी चढत नसत. पोरगं सकाळीच बाकावर डोकं टाकून झोपतं, पाटीवर लिहिताना हात कापतो, तोंडाला वास येतो, असं म्हणाले. दादा उखडले. "माझा ठसा फोडायची कुनाची छाती न्हाई," म्हणाले, आणि ते दाखवून द्यायला त्याच संध्याकाळी मुलाबरोबर त्याच्या वस्तीवर गेले. त्यांचं बोट धरून मीही गेले.

मुलाच्या बापानं आमच्यासमोरच बाटली हातात घेतली. ठसा शाबूत होता. दादांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. बापानं कणीक फोडली, दारू दोन पेल्यांत ओतली आणि एक पेला पोरापुढे सरकवला. त्यात लपवाछपवी काही नव्हती. "रातच्याला माझ्यासंगं उसाच्या पान्याला दारं धरतंय त्ये," तो दादांना म्हणाला. "थंडीत पान्यात हुबं ऱ्हायचं तर घोटभर नगं का?" मुलानं पेला पाण्यासारखा रिकामा केला.

"मला का सांगितलं न्हाईस?" दादांनी त्याला विचारलं.

"तुमी वाटंतलंच इचारायचा, मामा."

त्या बापाचा मला राग आहेच. पण त्याहून जास्त राग त्या कणकेचा येतो. पोराच्या हातात बाटली द्यायचीच नाही, एवढी साधी गोष्ट होती, आणि आम्ही बाटलीवर ठसे उमटवत बसलो. दादांना याची खंत अखेरपर्यंत राहिली आणि मला अजून आहे.

दुसऱ्या दिवसापासून दादांनी एकाही पोराला दारू दिली नाही. गिऱ्हाईक तुटलं तर तुटू दिलं. तो मुलगा मात्र आमच्या दारावरून पुढे ओढ्याकाठच्या भट्टीकडे जाऊ लागला. परीक्षेला तो बसलाच नाही. दादांनी मास्तरांचे पाय धरले, तेव्हा मास्तरांनी बोर्डिंगातली जागा आणखी एक वर्ष राखायचं कबूल केलं. वस्तीवर खेटे घालून दादांनी बापालाही कसंबसं राजी केलं. मग एका संध्याकाळी त्यांनी मुलाला रस्त्यात थांबवलं. नगरला दोन वेळचं जेवण आहे, कंदील आहे, पुस्तकं आहेत, दारं धरायला कुणी उठवत नाही, सगळं समजावून सांगितलं. मुलगा बाटली काखेत धरून नीट ऐकत होता. जायचं त्याच्या मनात होतं, हे त्याच्या तोंडावर मला स्वच्छ दिसत होतं.

"पर मामा," त्यानं विचारलं, "तिथं सांजंच्याला मला कोन देनार?"