दाजींचा वॉर्म अप

आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या अक्काच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात एकही गोष्ट गार अंगानं केली नाही. उदगीरच्या हायस्कुलात ते कवायतीचे मास्तर. इंग्रजीशी त्यांचा संबंध ‘वॉर्म अप’ एवढ्या दोन शब्दांपुरता, पण तेवढ्यावर त्यांचा सगळा प्रपंच चालायचा. खेळाआधी पोरांनी अंग मोकळं करायचं तो वॉर्म अप, हे आम्हालाही ठाऊक होतं. पुढे शाळेच्या जुन्या डिक्शनरीत त्यांना कळलं, की साहेब शिळं कालवण तापवतो तेही वॉर्म अप, इंजिन गरम करतो तेही, पुढारी येण्याआधी सभा रंगात आणतात तेही, आणि घुमा माणूस हळूहळू बोलका होतो तोही वॉर्म अपच. झालं, दाजींना घबाडच सापडलं. “येवढुशा शब्दात सगळा संसार हाय बघा,” ते मला म्हणाले.

तेव्हापासून ते जेवायला बसण्याआधीही खांदे फिरवू लागले. स्कूटर तर इतका वेळ तापवायचे, की शेजारच्या काकू धुरानं खोकत बाहेर यायच्या आणि विचारायच्या, “मास्तर, जायलात का न्हाई आज?” दुष्काळ होता, टँकरच्या रांगेत भांडणं ठरलेली. दाजी आधी घरात आरशासमोर भांडून घ्यायचे, आणि रांगेत पोचेपर्यंत टँकर रिकामा. अक्का कपाळाला हात लावायची. त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला म्हणून गावात सभा भरली, आणि पाहुण्यांचा नेहमीप्रमाणे पत्ता नव्हता. दाजींनी माईक घेतला आणि फेटेवाल्यांसकट साऱ्या सभेला हातवारे करायला लावले. पाहुणे आले तेव्हा लोक घामाघूम होते; भाषणात निम्मी सभा झोपली.

या वॉर्म अपपायी दाजींचं एक खरोखरीचं काम मात्र अडून बसलं होतं. लोह्याजवळच्या त्यांच्या गावी थोरले भाऊ राहत. जत्रेतल्या कबड्डीत पंच म्हणून दाजींनी या सख्ख्या भावालाच भर गावासमोर बाद दिलं, आणि दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. दुष्काळात भावाची विहीर आटल्याचं कानावर आलं, तसा दाजींचा जीव वरखाली होऊ लागला. ते रविवारी एसटीनं गावी जायचे, मारुतीच्या पारापर्यंत पोचायचे आणि तिथूनच परत यायचे. “आज वॉर्म अप झाला,” घरी येऊन सांगायचे, “पुढच्या बारीला बोलतो.” असे कितीतरी रविवार गेले. शेवटी अक्का वैतागली आणि तिनं मला सोबत धाडलं.

पारापाशी दाजी थांबलेच. मी दंडाला धरून त्यांना दारापर्यंत नेलं. भाऊ ओट्यावर बसले होते. पाठ करून आणलेलं सगळं दाजी विसरले. भाऊच म्हणाले, “ये. तू पारावर दिसलास की तुझी वहिनी दर बारी चहा ठेवती. मी इथून बघत राहतो, अन् तू माघारी जातूस. पाणी कुठून आणायलो, तुला काय ठाव?”

दाजी ओट्यावर बसले आणि लहान लेकरासारखे रडले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. वहिनी चहा घेऊन आल्या.

पुढे भाऊंना फार वर्षं मिळाली नाहीत; मिळाली ती मात्र दोघांनी हसतखेळत, एकमेकांना चिडवत घालवली. भाऊ गेले, त्यानंतर एकदा आम्ही दोघं त्या गावी गेलो होतो. दाजी भरभर चालत पाराच्या पुढे गेले, आणि मग थांबून, पाराकडे वळून मला म्हणाले, “लई रविवार इथंच घालवलो, बाबा.”