उद्धवरावांनी पाहिलेला चंद्र

महाळुंग्याच्या वर्कशॉपात तीस वर्षं लेथ चालवणारे उद्धवराव घरी भाकरी जाड झाली, तरी किती मिलिमीटरनं ते सांगायचे. शेजारच्या तनुजाच्या दुर्बिणीचा माउंट ट्रायपॉडवर बसेना, तेव्हा मधला अडॅप्टर करून द्यायचं त्यांनी अंगावर घेतलं. काम दुपारभराचं, पण लागले आठ दिवस. केसभर ढिले म्हणून दोन अडॅप्टर त्यांनी स्वतःच भंगारात टाकले.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर सगळ्यांनी चंद्र पाहिला. त्यांच्या पत्नी यशोदाबाई तर चंद्रावरचे खड्डे बघून हरखूनच गेल्या. उद्धवरावांनी डोळा लावला, ट्रायपॉडला हळूच टिचकी मारली, मग आणखी एक जोरात मारली.

“कसा वाटला चंद्र, काका?” तनुजानं विचारलं.

“एक नंबर!” ते छाती फुगवून म्हणाले. “जराबी हालत न्हाई.”