कार्बन निम्म्यावर

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाला ठसका लागला, आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. आधीच माझ्या डोक्यावर काय काय फुटलंय, ते ऐकाच आता.

मी शहाद्यात चित्रकलेचा शिक्षक. शाळेत पर्यावरणाचं एक प्रशिक्षण झालं. धूर दिसत नसला तरी प्रत्येक घरातून कार्बन हवेत जातच असतो, हे मला तिथं कळलं. झालं, डोक्यात किडा शिरला! दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकल बंद, सायकल सुरू. जुने बल्ब गेले. कूलर फक्त दुपारी. आता शहाद्यातला उन्हाळा ज्याने काढलेला नाही, त्याला यातलं शौर्य काय कळणार? मिक्सर तर मी माळ्यावर टाकला आणि बायकोपुढे पाटा-वरवंटा मांडला. सुनंदाने तो शांतपणे माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून घरची चटणी मी वाटतो.

आता थोडं सुनंदाबद्दल. तिचं माहेर म्हसावदचं. तिथं बांधावर लवकर येणारे गावठी आंबे आहेत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ते आमच्या मागच्या खोलीत येतात आणि गवताच्या आढीत सावकाश पिकतात. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरायची, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. त्या दिवशीचा आंबा चोखच लागतो. सुनंदाच्या आढीचा म्हटला की अख्खी कॉलनी डोळे मिटून घेऊन जायची. या नावाला ती जिवापाड जपते.

तिची फाटकावरची पाटीही मीच रंगवलेली. हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं : 'घरच्या आढीतले गावठी आंबे मिळतील.'

यंदा मला वाटलं, आपण घरात एवढं करतोय ते लोकांना कळायला नको का? म्हणून दुसरी पाटी रंगवली : 'आम्ही कार्बन निम्म्यावर आणला आहे.' कलाशिक्षक माणूस, रंगसंगती बिघडवीन का? तोच हिरवा, तोच पिवळा, तेच वळण. तिच्या पाटीच्या बरोबर खाली टांगली. इतकी बेमालूम बसली, की दोन पाट्या आहेत हे सांगूनही पटलं नसतं.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे. मलाही होती, फक्त ऐन वेळी आठवली नाही. आंबे झटपट पिवळे करायला जी बंदी असलेली पूड चोरून लावतात, तिचं खरं नाव कार्बाईड. पण आमच्या बाजारात तिला सगळे 'कार्बन'च म्हणतात.

आखाजी तोंडावर आली होती. बायका फाटकाशी थांबत, पाटी वाचत, एकमेकींकडे बघत आणि निघून जात. एकीने तर फोटोही काढला. मला वाटलं, आली, चळवळ आली!

मग शेजारचे आप्पा आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, सुनंदाचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. फाटकाशीच उभे राहून त्यांनी विचारलं, "सर, आते अर्धाच का?"

एरवी मी त्यांच्याशी अहिराणीतच बोलतो. पण कार्बनचा विषय निघाला की माझ्या तोंडून शाळा बाहेर पडते. मी म्हणालो, "हो आप्पा. आधी फारच होता. आमचं आम्हालाच कळत नव्हतं."

"मंग पूरा बंद काबर नही?"

"पूर्ण बंद कुणाचाच होत नाही. तुमच्याही घरात आहे."

"मन्हा घरमा?"

"दिसत नाही, वास येत नाही, पण आहे. आम्ही पुढच्या आखाजीपर्यंत अजून कमी करू."

आप्पांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग हळूच म्हणाले, "बापनी घागर शे, सर. अर्धा चालाव नही." आणि गेले. मी आपला विचार करत बसलो, की घागरीचा आणि हवामानाचा काय संबंध. मला वाटलं, वयाचा परिणाम.

संध्याकाळपर्यंत आंबे रद्द करणाऱ्यांनी सुनंदाचा फोन थांबू दिला नाही. कुणाकडे अचानक पाहुणे येणार नव्हते, कुणाला डॉक्टरांनी आंबा बंद केला होता. खोलीत आढी पिकून घमघमत होती आणि न्यायला कुणीच नव्हतं. शेवटी कॉलनीच्या ग्रुपवर आमच्या फाटकाचा फोटो आला. तो बघून तिने मला हाताला धरून रस्त्यावर नेलं.

"मन्ही पाटी नी तुमनी पाटी, आठे उभं ऱ्हाईसन एकदाव वाचा."

मी वाचलं. भर उन्हाळ्यात घाम फुटायचा थांबला हो!

गप्प बसावं की नाही माणसाने? नाही बसलो. चूक निस्तरायला मी ग्रुपवर खुलासा टाकला. तो शास्त्राला धरून होता, हे आजही छातीठोकपणे सांगतो : 'कार्बन हा सर्व सजीवांत असतो. आमच्या आंब्यात जेवढा आहे, तेवढाच तुमच्याही आंब्यात आहे. घाबरू नये.' त्यानंतर जे दोघं-तिघं उरले होते, त्यांनीही आंबे नको म्हणून कळवलं.

सुनंदा आढीच्या खोलीत जाऊन एकेक आंबा हातात घेऊन बघत बसली. गवतातून डोकं काढलेले ते पिवळे आंबे बघून मला फार वाईट वाटलं. तिची इतक्या वर्षांची अब्रू मी स्वतःच्या सुंदर अक्षरात घालवली होती.

सकाळी उठलो तर ती फाटकाशी उभी. माझी पाटी उलटी करून तिने मागच्या कोऱ्या बाजूवर खडूने लिहिलं होतं. अक्षर वाकडंतिकडं, रंगसंगती शून्य :

'आंबा गवतमाच पिकेल शे. कार्बन फक्त आमना सरले लावेल शे. वरथीन पिवया, मझारथीन कच्चा.'

वरून पिवळा, आतून कच्चा, तो मी! याचाही फोटो ग्रुपवर गेला. आणि काय सांगू, लोक हसत हसत परत आले! सुनंदाने एकेकाला मागच्या खोलीत नेलं, गवत बाजूला करून आढी दाखवली, आंबा कापून हातावर ठेवला. दुपारपर्यंत खोलीत नुसतं गवत उरलं. पिशव्या भरून द्यायला मी होतो. जो तो माझ्याकडे बघून हसत होता.

सगळ्यांत शेवटी आप्पा आले. बापाच्या घागरीसाठी आंबे निवडले, पिशवी खांद्याला लावली. जाताना माझ्यापाशी थांबले, आंबा बघतात तसा माझा दंड अंगठ्याने दाबला आणि सुनंदाला म्हणाले,

"हाऊ आजून कच्चाच शे, सुनंदा. गवतमा दडपी दे."