अर्धा घास

माझ्या अंगात जी एक किडनी चालते, ती माझ्या थोरल्या भावाची आहे. माझ्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा दादानं अकोल्याहून फोनवर एवढंच म्हटलं होतं, "माह्यापाशी दोन हायेत ना बाई, मंग तू काहून रडून राहिली?" त्याला सात वर्षं झाली. ती किडनी अंगानं परकी म्हणून नाकारू नये यासाठी मी रोज ज्या गोळ्या घेते, त्या रोगाशी लढायची ताकदच कमी करून ठेवतात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, साधी सर्दीसुद्धा तुम्हाला साधी नाही.

कोरोना आला तेव्हा सगळी दुनिया माझ्यासारखी वागायला लागली आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मग लोकांचा कोरोना संपला, माझा संपला नाही. अमरावतीला आमच्या ऑफिसात मी एकटीच मास्क लावते, टेबल खिडकीशी ओढून बसते, डबा गच्चीवर जाऊन खाते. एकजण म्हणाला, "मॅडम, आता तं तोंड दाखवा, विसरून गेलो आमी." मी म्हटलं, "आठवून काय करता, होतं तसंच आहे." मी तोंडाची फटकळ, त्यामुळं समोर कोणी दुसऱ्यांदा बोलत नाही. मागून काय बोलतात ते मात्र कानावर येतंच. अती करते बाई. जीव काय हिलेच हाय?

अशात दादाच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं.

आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, नवससायास गेले, पण आजीनं एक रीत काही केल्या सोडली नाही. लेक सासरी निघाली की आत्यानं तिला दहीभाताचा घास भरवायचा. लेकीनं अर्धा तोडायचा आणि उरलेला अर्धा, तिच्या दातांनी तोडलेला, आत्यानं खायचा. कोणी टोकलं तर आजी म्हणायची, "याच्यात कुठं आली अंधश्रद्धा? माया हाय ते." माझा उष्टा घास माझ्या आत्यानं खाल्ला होता. आता घरात आत्या म्हणून मी एकटीच उरले होते.

लग्नाच्या महिनाभर आधीपासून तो घास माझ्या घशात अडकला होता. शेवटी मी दादाला फोन केला. म्हटलं, घास आधीच अर्धा अर्धा करून दोन वाट्यांत ठेवू, कोणाला कळणार नाही. तो म्हणाला, "बाई, मी देली तवा दोन वाट्या मांगितल्या होत्या काय?" सात वर्षांत त्यानं ती गोष्ट एकदाही काढली नव्हती. खाईन म्हटलं आणि फोन ठेवला.

मे महिना होता. बडनेरा, मूर्तिजापूर करत आम्ही दोघं नवराबायको गाडीच्या काचा खाली करून निघालो. एसी लावला असता तर काही बिघडलं नसतं, गाडीत तिसरं कोणी नव्हतंच, पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पाण्याची बाटली, जास्तीचे मास्क, गोळ्यांची डबी, सगळं मी तीनदा तपासलं. हे म्हणाले, "अगं, लग्नाला चाललो की लढाईला?" मी म्हटलं, "तुम्ही रस्त्याकडं पाहा."

हॉल गच्च भरला होता. मी कूलरच्या तोंडाशी खुर्ची टाकली, कारण बाहेरची ताजी हवा तेवढी तिथूनच आत येते. पाहुण्यांना वाटलं, हिला फार उकडतंय. वंदना झाली, पंचशील झालं, फुलं पडली, आणि पांढऱ्या साडीतली आमची पोट्टी इतकी गोड दिसत होती की मी मास्कच्या आत रडत होते.

आवाज मात्र बसला होता तिचा. मी जवळ गेले तर ती एक पाऊल मागं सरकली. मी हात धरला, तर हात तापलेला.

"हिचा आवाज काहून बसला?" मी वहिनीला विचारलं.

"रातभर हळदीत गाणे म्हणले ना," वहिनी म्हणाली आणि लगबगीनं निघून गेली.

"अन् हात?"

"अकोल्यात मे महिन्यात कोणाचे हात थंडे रायतात?" दादा मागून म्हणाला.

मी त्याच्या डोळ्यांत पाहून सरळ विचारलं, "दादा, पोरीला ताप हाय काय?"

"नाई," तो म्हणाला. त्याची नजर हलली नाही, आणि ज्यानं मला किडनी दिली तो मला खोटं कशाला सांगेल, असं मनाशी म्हणून मी ते खरं धरलं.

निघायची वेळ झाली. बायका गोल करून उभ्या राहिल्या, कोणीतरी दहीभाताची वाटी माझ्या हातात दिली. मी मास्क खाली ओढला. गालांना वारा लागला आणि कोणीतरी म्हणालं, "दिसली बाप्पा एकदाची." मी श्वास रोखून घास केला आणि पोरीच्या तोंडापाशी नेला. खाल्ला तर काय होईल आणि नाही खाल्ला तर काय होईल, दोन्ही मला स्पष्ट दिसत होतं.

तिनं तोंड उघडलं आणि अख्खा घास घेतला. चावला, गिळला. माझ्या बोटांत एक शीतसुद्धा ठेवलं नाही. मग तोंडावर पदर धरून ती दोन पावलं मागं गेली आणि मला लांबूनच हात जोडले.

बायका कुजबुजल्या. "आत्याले काईच ठेवलं नाई!" दादाचा चेहरा लाल झाला. मी मास्क वर केला, कारण आता मला चेहरा लपवायचाच होता. परतीच्या रस्त्यावर मूर्तिजापूर आलं. मी यांना म्हटलं, "एवढा राग? मास्क लावते म्हणून? तिला कडेवर घेऊन वाढवलं मी." जीव वाचला याचा आनंद व्हायला हवा होता. मला झाला तो अपमान.

चौथ्या दिवशी पोरीचा सासरहून फोन आला. आवाज अजून घोगरा.

"आत्या, तू बरी हायेस ना?"

"मी बरीच आहे. मला काय होतंय?" मी तुसडेपणानं म्हटलं.

"मले हळदीपासूनच ताप होता. बाबानं गोळी देली अन् म्हणाले, आत्याले सांगजो नको, ते परत जाईन. काल तपासलं. कोरोनाच निघाला. तुह्यात बाबाचीच हाय ना आत्या. म्हून सगळा घास म्याच खाल्ला."

मी विचारलं, "दादा कसा आहे?"

"बाबा दवाखान्यात हायेत."

सात वर्षं मी माझी एक किडनी तळहाताच्या फोडासारखी जपली. त्याच्यापाशीही एकच उरली आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याच्या त्या एकीसाठी मी कधी कोणाशी भांडले नाही. तो गर्दीत फिरला, गळाभेटी घेत राहिला, आणि मी स्वतःपुरती कूलरच्या तोंडाशी बसले होते.

तो दहा दिवस आत होता. डॉक्टरांनी मला अकोल्याला जायची साफ मनाई केली. मी फोनवर फक्त त्याचं क्रिएटिनिन, किडनी किती थकली ते सांगणारा आकडा, विचारायची. आकडा वर गेला की जेवण जायचं नाही. शेवटी तो हळूहळू उतरला.

महिन्यानं मी गेले. जाताना रस्ताभर शिव्या जुळवल्या होत्या. दादा ओसरीवर बसला होता, निम्मा झालेला, तोंडाला मास्क. माझी खुर्ची त्यानं दूर दाराशी मांडून ठेवली होती.

"तिथंच बस, बाई."

"काहून नाही सांगितलं मले?"

"सांगतलं असतं तं आली असती काय तू?"

मी खरं तेच म्हटलं, "नसते आले."

"म्हून," तो म्हणाला. मग, "तुही चालून राहिली ना बराबर?"

"चालते. तुझी?"

"चालते. थकली थोडी."

वहिनीनं दोन ताटं आणली. त्यानं आपलं उचललं, ओसरीच्या पार टोकाला गेला, भिंतीकडं तोंड करून बसला आणि मगच मास्क काढला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या साऱ्या शिव्या तिथंच राहिल्या. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि डाव्या कुशीतला तो लांब वण कापडातून दिसत होता. मीही मास्क काढला आणि त्याच्या पाठीकडं पाहत जेवले.