‘आधी’ म्हणून लावलेलं पोट

“पदर बाजूला घे. पोट दिसू दे,” मॅडम म्हणाल्या.

राजारामपुरीतल्या त्यांच्या वजन कमी करायच्या सेंटरात मी फरशी पुसायला होते. फडकं हातात तसंच धरून उभी राहिले. समोर चार गिऱ्हाइकं बसलेली. फोटोवाला म्हणाला, “अजून फुगवा की, वहिनी!” सगळी हसली. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

त्यांचं पोट सुटलं की थायरॉईड. आमचं सुटलं की हावरटपणा.

आठवड्यात दारावर बोर्ड लागला. ‘आधी’ म्हणून मी. ‘नंतर’ म्हणून कुणी दुसरीच, बारीक. मधे कोकम-मेथीच्या अर्काची बाटली. त्यातला थेंबही मी कधी चाखला नव्हता. पण काम जाईल म्हणून गप्प बसले.

माझी थोरली बहीण कागलला असते. आक्काला शुगर. माझ्या सुट्टीच्या दिवशी येऊन ती बाटल्या घेऊन गेली. “हे सुरू केलं की गोळ्याही सुटतील,” असं मॅडमनी तिला सांगितलं. तिनं गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली, काळी पडली. सरकारी दवाखान्यात घोट्यापासून पाय कापला.

तिच्या उशाशी बसले तेव्हा ती हळू म्हणाली, “तुजा फोटू हाय म्हणून घेतली गं. तू खोटं सांगणार न्हाईस, वाटलं.”

मी काहीच सांगितलं नव्हतं. तेच तर चुकलं.

परत कामावर गेले. एक बाई बोर्ड बघून मला विचारत होती, “खरंच उतरलं का हो वजन?” मॅडमनी मला मान डोलवायची खूण केली.

“न्हाय,” मी म्हणाले. “ती बारीक बाई मी न्हवं. माझ्या बहिणीनं हे पिऊन गोळ्या सोडल्या. तिचा पाय गेला.”

मॅडम ओरडल्या, “बोर्डावर आणलं तुला! लायकी होती का? चालती हो!”

झाले चालती. जाताना बोर्ड ओढून काढला.

कोकमावर माझा राग नाही. घरी त्याचं सार अजून होतं.

त्यांनी बोर्ड परत लावलाय. आता तोंड पुसट केलंय, पोट माझंच. दुसऱ्या घरची भांडी उरकून मी रोज तिथं फुटपाथवर उभी राहते. आत जाणाऱ्या प्रत्येकीला सांगते, “हे पोट माझं हाय. डॉक्टरच्या गोळ्या सोडू नका.” मॅडम पोलिसांची भीती घालतात.

येऊ देत पोलीस. त्यांनाही हेच सांगीन.