मशीन बिघडलेले नाही

स्क्रीनवर एक म्हातारा पाठमोरा उभा होता आणि आवाज गेला होता.

मी आधी मिक्सर बघितला. मिक्सर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पेटी. बटणं जागेवर होती. केबल काढून पुन्हा खोचली. काही फरक नाही. पेणच्या त्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं असतील, त्यातलं कुणीतरी खाकरलं. मागे एक खुर्ची वाजली. मी थिएटरात अठ्ठावीस वर्षं मशीन चालवलंय, त्यामुळे पुढचं मला पाठ आहे. आधी खाकरणं, मग शिट्टी, मग ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार. मी फिल्म थांबवली, लाइट लावले आणि माइकवर सांगून टाकलं, "फाइल खराब आहे. पुढची फिल्म घेतोय."

पुढची फिल्म लागली.

हा शॉर्ट फिल्मचा फेस्टिव्हल होता. पाच-दहा मिनिटांचे छोटे सिनेमे, विषय श्रद्धा आणि एकमेकांच्या धर्माची ओळख. पहिला दिवस पेणला, दुसरा रोह्याला, फिल्म दोन्हीकडे त्याच. भरवला होता वैद्य मॅडमनी, त्या कॉलेजच्या निवृत्त प्राचार्या. त्यांनी आधी गावोगाव वर्कशॉप घेऊन लोकांना मोबाइलवर फिल्म करायला शिकवलं होतं. हमरापूरच्या एका बाईंनी गणपतीच्या मूर्तीचे डोळे रंगवतानाची फिल्म केली होती, ती तर मी काम विसरून बघितली. माझं काम म्हणजे प्रोजेक्टर आणि साउंड. थिएटर बंद पडल्यापासून मी हेच करतो. लग्न, शाळा, वाढदिवस, जे येईल ते. ऑपरेटर सगळ्यांच्या पाठीमागे बसतो. बायको जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून घरातही तसंच वाटतं, की सगळे पुढे तोंड करून बसलेत आणि आपण मागे.

चहाच्या वेळी एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. सत्तरीचे, पांढरा शर्ट, पायात नवी चप्पल. हरिश्चंद्र पाटील, गडबचे.

"भाऊ, ती मघाची फिल्म माझी."

"काका, काय करणार? तुमच्या फाइलला आवाजच नव्हता."

"व्हय. तो मीच काढाया लावला."

मी कप खाली ठेवला. "मग उठून सांगायचं नाही का तेव्हाच?"

"तुम्ही बंद केली, मला वाटलं कायतरी चुकलं आसंल माझंच."

माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, आवाज का काढला? ते थांबत थांबत सांगू लागले. ते आणि अष्टमी गावचा युसुफ, दोघे रोह्याच्या एका कंपनीत, एकाच शिफ्टला. सव्वीस वर्षं. युसुफच्या बायकोचा, खतिजाभाबीचा डबा दोघांत. युसुफ गेला तेव्हा हे शेतावर होते, भातकापणी चालू, फोन घरी राहिलेला. सकाळी गेला आणि दुपारच्या नमाजनंतर माती झालीसुद्धा.

"आपल्यात लांबच्या मानसासाठी थांबतात. त्यांच्यात थांबत नाय. मी पोचलो तवा सगळे घरी परतलेले. भाबी म्हनाली, सव्वीस वर्षं माझ्या हातचं खाल्लास, नि खांदा द्यायला नाय आलास. तवापासून मी दारात गेलो नाय."

"आणि फिल्म?"

"दर म्हयन्याला जातो मी त्याच्याकडं. सब्जा घेऊन." सब्जा म्हणजे तुळशीसारखं वासाचं रोप, ते कबरीवर ठेवतात. "तिथं उभा ऱ्हातो. आपल्यातलं म्हनावं तर तिथं बरं दिसत नाय, त्यांच्यातलं मला येत नाय. म्हनून नुसतं बोलतो त्याच्याशी. ते लोकांनी कशाला ऐकायचं? उद्या रोह्याला भाबी येनार हाय. मला तोंडानं सांगता येत नाय, म्हनून हे केलं."

मला माझीच लाज वाटली. चूक साधी होती. फाइल आली की मी सुरुवातीचे दहा सेकंद लावून बघायचो, चित्र आहे, आवाज आहे, ठीक आहे. या फिल्मला पहिली तीन मिनिटं आवाज होता. परसातला सब्जा कापणं, एस.टी., पूल ओलांडणं. पुढची तीन मिनिटं मोबाइल कब्रस्तानाच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवलेला आणि हे पाठमोरे.

दुसऱ्या दिवशी रोह्याला मी पडदा बांधत होतो, तेवढ्यात वैद्य मॅडम आल्या.

"दिनूभाऊ, पाटलांची फिल्म घेऊ, पण ती मुकी तीन मिनिटं काढून टाका. प्रमुख पाहुण्यांना साडेबाराला निघायचंय. सब्जा दिसतो, पूल दिसतो, आशय पोचतो."

"मॅडम, मी ऑपरेटर. कापाकापी माझं काम नाही."

"असं होय? थिएटरात गाणी कापायचात की. मी स्वतः बघितलंय."

खरं होतं. शेवटच्या खेळाला एखादं गाणं मी गाळायचो. "तेव्हा घरी जायची घाई असायची," मी म्हटलं. "कुणीतरी जेवायचं थांबलेलं असायचं. आता कसली घाई?"

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लोक ओरडले तर जबाबदारी तुमची."

मी लॅपटॉपवर एक पाटी केली. थिएटरात इंटरव्हलला काचेच्या स्लाइड लावायचो, तसली. ठळक अक्षरांत लिहिलं: 'या फिल्ममध्ये शेवटची तीन मिनिटे आवाज नाही. मशीन बिघडलेले नाही. – ऑपरेटर.' पाटलांच्या फिल्मआधी ती लावली. लोक हसले. हसू दे म्हटलं.

खतिजाभाबी सुनेचा हात धरून आल्या होत्या. हातात काठी, गुडघा दुखत असावा. कडेच्या खुर्चीत बसल्या. पाटील दुसऱ्या टोकाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पूल संपला, आवाज बंद झाला. मी पंख्यांची बटणंही बंद केली. स्क्रीनवर मातीचा उंचवटा, कडेने दगड, त्यावर हिरवा सब्जा. पाटील उभे, मान मधूनमधून हलतेय. कुणी खाकरलं नाही. आणि भाबी उठल्या. काठी टेकत सरळ पडद्यापाशी गेल्या. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांची सावली कबरीवर पडली, तशा त्या बाजूला सरकल्या आणि वाकून बघू लागल्या. मॅडम मला हातवारे करत होत्या. मी हात वर करून त्यांना थांबवलं. पडदा काळा होईपर्यंत भाबी तिथेच होत्या.

लाइट लागल्यावर सून माझ्याकडे आली. "चाचा, माफ करा. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाय. अम्मीनं अब्बांची जागा आज पयल्यांदा बघितली."

हे मला माहीत नव्हतं. पाटलांनाही नसावं. ते पुढे येऊन मान खाली घालून उभे होते.

"ते दगड कुनी लावले?" भाबींनी विचारलं.

"मीच. पावसात माती व्हावून जात होती."

"नि एवढा वेळ काय बोलत होतास रे?"

"कायनाय भाबी. तुमच्या गुडघ्याचं सांगत होतो त्याला."

"माझ्या गुडघ्याचं तुला काय ठावं?"

"मेडिकलवाल्याकडं विचारतो दर खेपेला."

भाबी काठी उचलून सुनेला म्हणाल्या, "घरी फोन लाव. हरी जेवायला हाय म्हनावं."

तिघं गेली. पाहुणे एक वाजेपर्यंत बसले होते, निघायची आठवणही त्यांना कुणी करून दिली नाही. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "बरं केलंत." मी केबल गुंडाळल्या, डबा सोडला, एकट्यानेच खाल्ला आणि पेणला आलो.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगेन, फाइल शेवटपर्यंत बघा. दहा सेकंदांत चित्र कळतं, माणूस कळत नाही. दुसरा नियम असा, की कार्यक्रम झाला की लॅपटॉपवरच्या फाइल पुसून टाकायच्या, दुसऱ्याची वस्तू ठेवायची नाही. हा नियम मी एकदाच मोडलाय, तोही पाटलांना विचारून. जेवण झालं की कधीतरी ती फिल्म लावतो. पहिली तीन मिनिटं बघतो. पुढच्या तीन मिनिटांत आमच्या हिला दिवसभराचं सांगून घेतो.