शिक्का न घेतलेला महिना

म्हैसूर राज्यात बेकारी घटली असं वर्तमानपत्रात छापून आलं, त्या महिन्यात ती घटवणाऱ्यांत मी होते. ही फुशारकी नाही, कबुली आहे. आमच्या कुठल्याच पत्रकात ती छापून येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

वडिलांची बदली झाली आणि घरचे बेंगळूर सोडून गेले. मी चिकपेटमधल्या एका छापखान्यात प्रुफं तपासत होते, म्हणून मागे राहिले. मल्लेश्वरममध्ये दोन खाटांची एक खोली मिळाली. दुसऱ्या खाटेवर निपाणीकडची एक मुलगी होती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. दिवसभर कानांवरून कन्नड, तमिळ, इंग्रजी जायचं. संध्याकाळी दार ढकललं की आतून आवाज यायचा, "आलीस की गं? हात धू, उप्पीट गार होतंय." त्या शहरात माझ्याशी मराठी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

अक्का टायपिंग पास होती आणि बेकार होती. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवून तिला तीन वर्षं झाली होती. तिथे नोंदणीच्या क्रमानं बोलावणं येतं. कार्डावर ठरलेल्या तारखेला जाऊन शिक्का घ्यायचा. नाही घेतला तर नाव कटतं, आणि पुन्हा नोंदवलं तर रांगेच्या शेपटाला. अक्काचा नंबर आता जवळ आला होता, आणि यायलाच हवा होता. त्याच वर्षी तिला पंचवीस पूर्ण होणार होती. त्यानंतर सरकारी टायपिस्टच्या जागेसाठी तिचा अर्ज कुणी घेतला नसता.

मला त्या शिक्क्याची चीड होती. पदवीधर माणसं उन्हात उभी राहतात, शिक्का घेतात, घरी जातात, आणि महिन्याच्या शेवटी कुणीतरी त्यांचा आकडा करून पेपरात देतं! आम्ही पाचसहा जणांनी पत्रक काढलं: एक महिना कुणीही शिक्का घेऊ नका. खिडक्या ओस पडल्या की साहेब लोकांना आपल्या दारात यावं लागेल. शेकडो नावं एकदम कापायची हिंमत कुणाची होणार?

"तुझं ठीक आहे," अक्का म्हणाली. "तुझं पोट प्रुफांवर चाललंय. माझा नंबर तोंडाशी आलाय."

"तुझ्यासारख्या भित्र्यांच्या जिवावरच त्यांचं चाललंय."

"भित्री तर भित्री. पत्रकातलं माझ्याशी बोलू नको. मीठ दे इकडं."

मीठ दिलं आणि बोलणं बंद केलं. दोन दिवस एक शब्द नाही. त्या खोलीत अबोला म्हणजे काय, हे आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी तो धरला. तिसऱ्या दिवशी तिची शिक्क्याची तारीख होती. ती पातळ नेसून तयार झाली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन खाटेवर बसली.

"जात नाही बाई. आता तरी बोल की."

मी बोलले. खूप बोलले. जिंकल्यासारखी बोलले.

महिना संपला आणि बेकारी घटल्याची ती बातमी आली. कापलेली नावं आकड्यातूनही गेली होती, एवढं साधं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी तशीच त्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं मला ओळखलं. "पत्रकवाल्या अम्मा ना तुम्ही?" तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "फार उपकार झाले. आमच्या साहेबांना वरून शाबासकी आली."

"आणि नावं?"

"नवा फॉर्म भरायचा. आज जरा गर्दी आहे, उद्या या."

अक्कानं नवा फॉर्म भरला. नवा नंबर मिळाला, तो मी पाहिला नाही. तिनं दाखवलाही नाही.

पुढच्याच पंधरवड्यात एका सरकारी कारखान्याला टायपिस्ट हवे होते. रांगेत तीन वर्षं अक्काच्या मागे उभी राहणारी तुमकूरची मुलगी बोलावणं घेऊन धावत आमच्याकडे आली. तिनं आमचं पत्रक फाडून टाकलं होतं. "अक्का, तुम्हालाही आलं असेल ना?"

"येईल की," अक्का म्हणाली आणि तिच्या हातावर साखर ठेवली.

मी आमच्या बैठकीत म्हटलं, हे छापू या, चूक आपली झाली. आमचे पुढारी म्हणाले, "एका मुलीचं रडगाणं छापून चळवळ चालत नसते." पुढच्या महिन्यात पुन्हा नोंदवलेली सगळी नावं आकड्यात आली. आम्ही जाड टाइपात छापलं: बेकारी वाढली! त्याची प्रुफं मीच तपासली.

तोवर अक्काला पंचवीस पूर्ण झाली होती. ती ट्रंक घेऊन निपाणीला गेली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरमालकीणबाईंनी दोनदा विचारलं, दुसरी मुलगी आणू का? मी नको म्हटलं. अक्काला पत्र टाकलं: येते, तुझ्या आईच्या पाया पडते, सगळं सांगते. छापखान्यातून तीन दिवसांची रजा घेतली. निघायच्या आदल्या दिवशी तिचं पत्र आलं.

"इतक्यात येऊ नकोस. कसं झालं ते घरात सांगितलेलं नाही. नंबर लागला नाही एवढंच सांगितलंय. तू आलीस की तुझ्या तोंडून निघणार, आणि मग आई तुला कधी घरात घेणार नाही. जेवत जा."

रजा मी रद्द केली नाही. तिन्ही दिवस खोलीतच होते.